विलायती ओवा आणि भृंगनाथाची काठी

पाचोडच्या बाजाराला निघालेली माणसं त्या दिवशी बाजारात थांबलीच नाहीत. टमटमा भरभरून ती तशीच पुढे कृष्णा नरवडेच्या मोसंबीच्या बागेकडे वळली. बागेच्या कडेला मांडव होता, मांडवाला भोंगा होता आणि भोंग्यातून भृंगनाथ महाराजांचा गोड, तुपाळ आवाज शिवारभर पसरला होता.

"लोक मला विचारतात, महाराज, तुमचा मठ कुठं? मी म्हणतो, माझा मठ म्हणजे मोहोळ. लोक विचारतात, तुमचं शिक्षण किती? मी म्हणतो, मी फुलाच्या शाळेत शिकलो, तिथं परीक्षा नसते, सुगंध असतो. डॉक्टर माणसाला कापतो. मी माणसाला उमलवतो. आता बोला, कापून घ्यायचं का उमलायचं?"

"उमलायचं," मांडव एका सुरात म्हणाला.

मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून दीपमाला उभी होती. ती कृष्णाची थोरली बहीण. संभाजीनगरला सिडकोतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी माहेरी यायची. समोर पहिल्या रांगेत तिची आई मनकर्णाबाई हात जोडून बसली होती. तिच्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन मेघा, कृष्णाची बायको.

महाराजांनी तीन चांदीच्या डब्या उघडल्या. तिन्हींत पांढरे, कोरडे खडे होते. "हा सूर्याचा दाणा, हा चंद्राचा, हा पृथ्वीचा," म्हणत त्यांनी ते एका काचेच्या वाटीत एकत्र केले, वर भगवा रुमाल टाकला आणि डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली. भोंगा त्यांच्या तोंडाशीच असल्यामुळे पुटपुटही फर्लांगभर ऐकू जात होती. थोड्या वेळानं रुमाल उचलला. वाटीत खडे नव्हते. तेलासारखं स्वच्छ पाणी होतं. ना आग, ना ऊन, ना वरून थेंब.

बायाबापड्यांच्या तोंडून एक सुस्कारा निघाला. ते अमृत महाराजांनी तळहातांना चोळलं. ओव्याचा, कापराचा आणि पुदिन्याचा थंडगार वास मागच्या खांबापर्यंत आला.

मग महाराजांनी आपली काठी जमिनीत रोवली. काठीच्या डोक्याला झेंडूची माळ गुंडाळली होती आणि माळेत विलायती ओव्याची फुललेली जुडी खोवली होती. "या झाडात जीव आहे. संजीवनी आहे ही. माणूस आंधळा, त्याला दिसत नाही. माशी आंधळी नाही," असं म्हणून त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे केले.

बागेच्या आतून गुणगुण आली. आधी एकदोन माशा, मग मूठभर आणि मग सगळा थवाच मोसंबीच्या शेंड्यांवरून खाली उतरला. माशा कुणाला चावल्या नाहीत, कुणाच्या अंगावर बसल्या नाहीत. सरळ काठीकडे गेल्या आणि तिच्या डोक्याला लटकल्या. बघता बघता काठीचं डोकं भरल्या दाण्याच्या जोंधळ्याच्या कणसासारखं झालं. माणसं उठून उभी राहिली आणि लगेच खाली वाकली. मनकर्णाबाईनं कपाळ मातीला टेकवलं.

मांडवाच्या तोंडाशी एक लाकडी पेटी ठेवलेली होती. तिला महाराज त्यागपेटी म्हणत. लोक येत, खिशातल्या गोळ्या, साखरेची इंजेक्शनं, मलमाच्या नळ्या तिच्यात टाकत आणि अमृताची बाटली घेऊन जात.

आता या विलायती ओव्याविषयी सांगायला हवं. इंग्रजीत त्याला थाइम म्हणतात. कृष्णानं दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात ते रोप पहिल्यांदा पाहिलं आणि शेडनेटखाली त्याचा पट्टा केला. बारीक पानं, काटकुळ्या काड्या, थंडी सरताना येणारी फिकट जांभळी फुलं. शहरातल्या हॉटेलांना ते लागतं असं त्याला सांगितलं होतं. लागत होतं, पण फार थोडं. गावानं वास घेतला आणि नाव ठेवलं, विलायती ओवा. नावात खोट नव्हती. आपल्या ओव्यात जो अर्क असतो तोच याच्याही पानात असतो.

त्या झाडाचं खरं चीज केलं ते मेघानं. तिनं ते कुणाला विचारलं नाही, पुस्तकात वाचलं नाही. बट्टीच्या पिठात घालून पाहिलं, वांग्याच्या भरतात घालून पाहिलं. सायलीला, तिच्या आठ वर्षांच्या पोरीला, सर्दी झाली की चार काड्या पाण्यात उकळून त्याची वाफ दिली. वाळलेल्या जुड्या गव्हाच्या कोठीत ठेवल्या. कृष्णाच्या मधमाशांच्या पेट्या पट्ट्याच्या कडेला होत्या. फुलं आली की माशा दिवसभर तिथंच. मेघा म्हणायची, "अक्का, ह्यांच्या मधाला पन त्योच वास यायला लागलाय बगा. मला तर माशांचा हेवा वाटतो. निसतं फुलात तोंड घालून बसायचं."

हसता हसता तिला ढास लागायची. लहानपणापासून दमा होता. दीपमालेनंच तिला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी दोन पंप दिले होते, एक रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा आणि दुसरा श्वास अडकलाच तर. गेली तीन वर्षं मेघा पाण्याचे हंडेसुद्धा उचलत होती.

त्या दिवशी मांडव उठल्यावर दीपमाला घरी आली ती पाचोडच्या औषधाच्या दुकानावरून. पिशवीतून तिनं तीन पुड्या काढल्या. "आई, इकडं ये. मेघा, तूही ये. हे ओव्याचं फूल, हे पुदिन्याचं फूल, म्हणजे त्यांच्या अर्काचे खडे, आणि हा भीमसेनी कापूर. तिन्ही कोरडे. हात लावून बघा."

तिनं ते वाटीत टाकले, चमच्यानं हलवले आणि वाटी तशीच चुलीपासून लांब ठेवून दिली. मंत्र नाही, रुमाल नाही. मनकर्णाबाई लसूण सोलत होती. तिचा लसूण सोलून होईपर्यंत वाटीत पाणी झालं होतं.

"हे तिघं वेगवेगळे असले की घट्ट राहतात," दीपमाला म्हणाली. "एकत्र आले की एकमेकांना विरघळवतात. मिठानं बर्फ लवकर वितळतो, तसंच काहीसं. घराघरात हे औषध होतं आई, तुझ्या आईकडंही होतं. डोकं दुखलं, पोट दुखलं की एक थेंब. त्याच्यात देव नाही."

मनकर्णाबाईनं वाटीकडे पाहिलं नाही. "तुज्या हातानं पानी झालं. त्येच्या हातानं अमृत व्हतं. फरक हाय."

मेघा मात्र वाटीत बोट बुडवून पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "अक्का, ह्ये पटलं. पन माशांचं काय? त्या मुक्या जिवाला कोन शिकवनार?"

दीपमालेनं कृष्णाकडे पाहिलं. तो दारातल्या दगडावर उभा राहून हात धूत होता, बराच वेळ धूत होता.

"कृष्णा, तुझ्याच पेटीतल्या माशा ना त्या? तूच सांग."

"माशा मपल्या असल्या तरी मन त्यायचं," कृष्णा म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून गोठ्याकडे गेला.

मेघानं एक खोल श्वास घेतला. "काय बी असू द्या. दोन थेंब घेतले की छाती कशी मोकळी मोकळी होते. थंडगार वारं आत गेल्यावानी. पंपानं असं कधी वाटलं नाय."

"पंप सोडू नकोस."

"नाय सोडत, अक्का."

गाडीची वेळ झाली होती. दीपमाला निघाली. मेघानं नेहमीसारखी विलायती ओव्याची जुडी ओल्या फडक्यात बांधून तिच्या पर्समध्ये घातली.

पुढच्या महिन्यात गहू निघाला. हार्वेस्टर शिवारात फिरत होतं आणि भुसा हवेत तरंगत होता. दीपमाला शाळेत दहावीचे पेपर तपासत होती तेव्हा फोन आला. कृष्णा बोलत होता, पण शब्द लागत नव्हते. "अक्का, आमी निघालाव. तिला श्वास घेता यीना. पंप घावंना. समदं घर उलथंपालथं केलं, पंप घावंना."

दीपमाला रिक्षा करून मोठ्या दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली. रस्त्यात दोनदा फोन लावला. पहिल्यांदा कृष्णा म्हणाला, आडूळ गाव मागं पडलं. दुसऱ्यांदा त्यानं फोन उचलला. मागं गाडीचा आवाज येत होता आणि मनकर्णाबाईचा, "मेघा, डोळे उघड, बाई, डोळे उघड."

गाडी आली तेव्हा मेघाचे ओठ निळे पडले होते. मुठीत अमृताची बाटली होती. ती मूठ दीपमालेनं सोडवली.

ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जे करता येईल ते सगळं केलं. मग बाहेर येऊन त्यांनी ती बाटली हुंगली.

"रोजचा पंप कधी बंद केला होता?"

कृष्णाला माहीत नव्हतं. मनकर्णाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "तिनं पंप त्यागपेटीत टाकले. म्हाराज म्हनले, पंपाची अन् अमृताची सोबत व्हत न्हाई. मला सांगितलं व्हतं तिनं. अक्काला सांगू नका म्हनली."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. थकल्या आवाजात दीपमालेला म्हणाल्या, "यात पुदिन्याचा अर्क आहे. तो नाकातल्या, घशातल्या थंडी कळणाऱ्या नसांना चेतवतो. माणसाला वाटतं वारं आत चाललं. छातीतल्या नळ्या सुजून बंद होत असतात, तरी वाटतं श्वास मोकळा आहे. रोजचा पंप ती सूज रोखून ठेवतो. तो सुटला की सूज परत येते. त्यांना बरं वाटत होतं, बरं होत नव्हतं. धोका कळायलाच उशीर झाला."

दीपमाला तिथल्या बाकावर बसली. तिच्या पर्समध्ये गेल्या खेपेच्या काड्यांचा चुरा अजून होता आणि पर्स उघडली की वास यायचा. तिनं पर्स उघडली नाही.

दहावं झालं. पाव्हणे गेले. दीपमाला रजा टाकून पाचोडलाच राहिली, कारण सायली झोपेत आईला हाका मारायची.

एका सकाळी ती मधमाशांच्या पेट्यांकडे गेली. कृष्णा एका पेटीत ओव्याच्या फुलाची पांढरी भुकटी ठेवत होता. माशांच्या अंगावर बारीक किडा होतो, त्याला तिचा वास चालत नाही, हे त्यानंच तिला पूर्वी सांगितलं होतं. भुकटी जरा जास्त पडली असावी. पेटीतल्या माशा भराभर दारातून बाहेर येऊन पुढच्या फळीवर गोळा होऊ लागल्या.

"ह्या बाहेर का आल्या?" तिनं विचारलं.

"वास लई झाला की त्यायला सोसत नाय. भाईर येऊन बसत्यात."

दीपमाला पाहत राहिली. शेडनेटपलीकडे त्याच झाडाच्या फुलांवर शेकडो माशा सुखानं बसल्या होत्या. म्हणजे फुलातला रस त्यांना हवा होता. अर्काचा उग्र दर्प नको होता.

"कृष्णा, मग त्या महाराजाच्या हाताला अमृत चोळलेलं असतं. मांडवभर वास सुटतो. माशांनी खरं तर तिथून पळून जायला हवं. त्या काठीवर येऊन का बसतात?"

कृष्णानं पेटीचं झाकण लावलं. त्यावर दगड ठेवला. दीपमालेला वाटलं, दुःखानं माणूस सुन्न झालाय. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर तो शहारला.

माशांना अर्क ओढत नाही आणि मुठीएवढी जुडी सगळा थवा ओढणार नाही. मग काठीत काय असेल? दीपमाला दिवसभर विचार करत राहिली. सातवीच्या पोरांना ती शिकवायची, मोहोळात राणी एकच असते आणि तिच्या वासावर सगळ्या माशा एकत्र राहतात. राणी पेटीत नसेल तर माशा कासावीस होतात, तिला शोधत निघतात. संध्याकाळी भाकरी थापता थापता तिचे हात थांबले.

त्याच आठवड्यात महाराजांचा निरोप आला. मेघाताईंच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून बागेत मोठा कार्यक्रम घ्यायचा आहे. निरोप घेऊन आला होता फकिरा, गावातला म्हातारा वारकऱ्यासारखा साधा माणूस. संधिवातानं त्याची बोटं वाकडी झालेली होती आणि अमृतानं ती सरळ होतील अशी त्याला आशा होती. "नाय म्हनू नका मालक," तो कृष्णाला म्हणाला. कृष्णा नाही म्हणाला नाही. दीपमालाही म्हणाली नाही.

मांडव पुन्हा भरला. या वेळी माणसं हळहळत आली होती. महाराजांनी पांढरी शाल पांघरली होती. मंचावर मेघाचा फोटो ठेवला होता, लग्नातला. दीपमालेनं तो पाहिला आणि नजर खाली केली. सायलीला तिनं शेजारच्या गोजरबाईकडे ठेवलं होतं.

"मेघाताई माझी लेक होती," महाराज म्हणाले. भोंग्यानं त्यांचा हुंदकाही मोठा केला. "लोक कुजबुजतात, महाराज, ती का गेली? सांगतो. कटू आहे, पण सांगतो. अमृत म्हणजे पतिव्रतेसारखं असतं, त्याला दुसऱ्याची सावली चालत नाही. आणि आमच्या मेघाताई लपून पंप ओढत होत्या. श्रद्धेत खोट पडली. खोट पडली की देवाचाही इलाज चालत नाही."

मांडवात चुकचुकाट झाला. मनकर्णाबाईनं डोकं वर केलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की शेजारची बाई थोडी सरकली.

"आता माशाच साक्ष देतील," महाराज म्हणाले आणि काठी रोवून त्यांनी हात वर केले.

बाग गप्प होती. एकही माशी आली नाही.

महाराजांनी पुन्हा हात वर केले. मंत्र मोठ्यानं म्हटला. बागेकडे तिरका कटाक्ष टाकला. लोक माना उंचावून पाहू लागले. कुणीतरी खोकलं.

"इथं नास्तिकाची सावली पडली आहे," महाराज म्हणाले आणि त्यांनी थेट मागच्या खांबाकडे बोट केलं. "शहरातून आलेल्या सावलीत माशी येत नाही."

दीपमाला चालत पुढे आली. मधली माणसं बाजूला झाली. तिला कुणी अडवलं नाही, कारण ती मेलेल्या बाईची नणंद होती.

"महाराज, माझी सावली आहे तर मीच बघते," असं म्हणून तिनं काठीची माळ सोडवली. झेंडू खाली पडले, जुडी खाली पडली. काठीचं डोकं आतून पोकळ होतं. तिनं दोन बोटं आत घातली आणि एक लहानशी वस्तू बाहेर काढली.

ती राणीला ठेवायची पिंजरी होती. बांबूच्या पेराची, दोन्ही तोंडांना हिरव्या जाळीचा तुकडा तारेनं आवळून बांधलेला. आत लांब पोटाची राणी हळूहळू फिरत होती, सोबत दोनचार माशा. दीपमालेचा अंदाज बरोबर निघाला होता. तिनं ती वर धरायला हात उचलला आणि तिथंच थांबली.

ती हिरवी जाळी शेडनेटची होती. तारेला दिलेला पीळ तिच्या ओळखीचा होता. अशा पिंजऱ्या अख्ख्या पंचक्रोशीत एकच माणूस करत होता, आणि लहानपणी त्यानं तिला बांबूच्या पेराची पिपाणी करून दिली होती.

महाराज जवळ सरकले. भोंग्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "ताई, कोणाच्या हातची आहे बघा. मग बोला. घरात एक मरण झालंय, अजून काय पाहिजे?"

दीपमालेची मूठ आपोआप मिटली. मांडव तिच्याकडे पाहत होता. तिला वाटलं, ही मूठ अशीच पदराखाली घ्यावी, घरी जावं, दार लावून घ्यावं. भाऊ राहील. सायलीला बाप राहील.

तेवढ्यात बागेतून कृष्णा आला. त्याच्या हातात मधमाशांची पेटी होती. तो मंचाजवळ आला, पेटी खाली ठेवली.

"अक्का, मूठ उघड," तो म्हणाला. "हलू नको. चावनार नाहीत. सकाळी साखरंचं पानी पाजलंय त्यायला."

त्यानं झाकण काढलं. माशा उसळून वर आल्या, क्षणभर भांबावल्यासारख्या घिरट्या घातल्या आणि मग दीपमालेच्या हातावर उतरल्या. पिंजरीवर, बोटांवर, मनगटावर. ज्या बाईच्या सावलीला माशा येत नाहीत असं महाराज म्हणाले होते, तिच्याच हाताला पाहता पाहता माशांचा घड लटकला.

"ह्यो चमत्कार," कृष्णा म्हणाला. त्याला भोंगा लागला नाही. "आदल्या दिवशी राणी काढायची, पिंजरीत घालून काठीत ठेवायची. मंत्र सुरू झाला की बागेतून मी पेटी उघडायचो. आज उघडली नाय. त्या झाडाकडं येत नव्हत्या, म्हाराजाकडं बी नाय. आपल्या आईकडं येत व्हत्या."

"खोटं आहे हे," महाराज म्हणाले. "याचं डोकं फिरलंय. बायको गेली म्हणून..."

"बायको गेली म्हनूनच," कृष्णा म्हणाला. "माझा ओवा कुनी घेत नव्हतं. ह्यो आला, म्हनला, माशांचा खेळ दाखव, तुझं झाड देशभर जाईल. मला वाटलं, खेळ हाय. कुनाचं काय बिघडतं? ओवाच हाय, इख थोडंच हाय." त्यानं मेघाच्या फोटोकडे पाहिलं. "मेघा लपून पंप ओढत नव्हती. तिच्याबद्दल खोटं बोलायचं नाय. तिनं पंप सोडला, कारन तिनं माशा बगितल्या."

मग तो लोकांकडे न पाहता आईकडे पाहून बोलू लागला. "तिनं मला इचारलं व्हतं, आई. अक्का गेली त्याच सांजंला. म्हनली, अवो, खरं सांगा, त्या माशा आपल्याआप येत्यात का? तुमाला ठावं असंल. तुमी म्हनाल ते मी मानीन." कृष्णानं पेटीच्या कडेला हात टेकला. "अन् मी म्हनलो, डोळ्यानं बगितलंस ना, मग मला काय इचारतीस?"

मनकर्णाबाई उठली. ती मुलाला मारेल असं सगळ्यांना वाटलं. ती मंचावर गेली, मेघाचा लग्नातला फोटो उचलला, पदरानं पुसला आणि तो छातीशी धरून मांडवातून निघून गेली. जाताना ती ना मुलाकडे वळली, ना महाराजांकडे.

दीपमालेच्या हातावर माशा तशाच होत्या. तिला बोलावं लागणार होतं आणि ती बोलली.

"त्यागपेटीत ज्यांनी औषधं टाकलीत त्यांनी आज, आत्ता ती परत घ्या आणि उद्या डॉक्टरांकडे जा. हे अमृत म्हणजे ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर. तीन खडे घरी एकत्र करा, तुमच्याही वाटीत पाणी होईल. त्यानं नाक थंड होतं, म्हणून श्वास मोकळा वाटतो. छाती आतून बंदच होत जाते. आमची मेघा अशीच गेली. तिला शेवटपर्यंत बरं वाटत होतं."

सगळ्यांत आधी फकिरा उठला. वाकड्या बोटांनी त्यानं पेटीचं झाकण उघडलं आणि आत हात घातला. मग बाकीचे उठले. महाराज गाडीकडे निघाले होते. पण गाडीसमोर बाया उभ्या राहिल्या होत्या. त्या ओरडत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. पोलीस येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. कृष्णानं जबाबात स्वतःचं नाव सांगितलं. पोलिसांनी ते लिहायच्या आधी, पुन्हा विचार करा, असं म्हटलं. तो म्हणाला, विचार झालाय. जामिनावर सुटून तो घरी आला, तेव्हा मनकर्णाबाईनं त्याला ताट वाढलं. पण ती त्याच्याशी बोलली नाही. अजूनही बोलत नाही.

एका दुपारी दीपमाला शेतावर गेली तर तो शेडनेटखाली कुदळ घेऊन विलायती ओवा उपटत होता. अर्धा पट्टा उपटून झाला होता. त्याच्या भोवती माशा गुणगुणत होत्या, उपटून टाकलेल्या काड्यांवरच्या फुलांवरसुद्धा बसत होत्या.

"त्याचं काय चुकलं?" ती म्हणाली.

"मला वास सोसत नाय, अक्का."

ती त्याच्याजवळ मातीत बसली. "मलाही नाही सोसत. पण मेघाला त्याचं सगळं माहीत होतं रे. बट्टीत घालायचं, वाफ घ्यायची, गव्हात ठेवायचं, माशांना चरू द्यायचं. एवढंच त्याचं काम. तेवढं ते चोख करत होतं. देव त्याला तुम्ही केलंत."

कृष्णानं कुदळ ठेवली. पट्टा अर्धाच राहिला.

पावसाळ्याआधी दीपमाला त्याला सोबत घेऊन गावोगाव जाऊ लागली. ती खड्यांचं पाणी करून दाखवते आणि दम्याची औषधं कशी काम करतात ते सांगते. कृष्णा पिंजरी आणि पेटी घेऊन माशांचा घड आपल्या हातावर बसवतो. सिल्लोडला मक्याच्या आडतीसमोर त्यानं पहिल्यांदा ते केलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला त्या सोसल्या नाहीत. त्यानं पिंजरी पेटीवर ठेवली. लोकांना वाटलं, संपलं.

"टाळ्या वाजवू नका," तो म्हणाला. "ह्ये बगून माझी बायको फसली, अन् फसवनाऱ्यांत मी होतो. तुमी म्हनाल, अडानी होती. अडानी नव्हती. तिनं इचारलं होतं. जी इचारती ती अडानी नसती. अडानी तो, ज्याला ठावं असून गप्प बसतो. म्हनून सांगायलाव. कुनी चमत्कार दाखवला तर इचारा, कसा केला. उत्तर मिळंपर्यंत औषध सोडू नका. अन् तुमच्या घरात कुनी तुमाला असं इचारलं, तर हसू नका, टाळू नका. त्येला खरं सांगा. त्याच सांजंला सांगा."